मालकाच्या घरी आलेली अकरा पोरं
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



तरुण मंडळाने आम्हाला विषय दिला तो असा, 'एका नामवंत तंत्रज्ञान-उद्योजकाच्या जीवनातून आपण काय शिकावे?' विषय ऐकून आम्ही आधी हसलो. बत्तीस वर्षे साचेखात्यात काढलेल्या माणसाने उद्योजकावर बोलायचे, म्हणजे बोकडाने खाटकाचे गुण गाण्यासारखे झाले! पोरांनी नावेही सुचविली. कोणी स्टीव्ह जॉब्ज म्हणाला, कोणी बिल गेट्स, कोणी एलॉन मस्क. मोबाईलवर यांच्या गोष्टी रोज फिरतात. कॉलेज सोडले, गॅरेजमध्ये धंदा सुरू केला, आणि अब्जाधीश झाला. आता आपल्या वस्तीत गॅरेज कोणाकडे आहे ते आधी सांगा, मग पुढचं बोलू.

म्हणून आम्ही आमच्या मनाने माणूस निवडला. त्यांचे नाव काझुओ इनामोरी. जपानचे. २०२२ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी क्योटो शहरात ते वारले. कॉम्प्युटरच्या आत जी चिप असते, तिला धरून ठेवणारे आणि जपणारे सिरॅमिकचे, म्हणजे एका प्रकारच्या भाजलेल्या मातीचे, कवच मोठ्या प्रमाणावर बनविणारी क्योसेरा ही कंपनी त्यांनी उभी केली. पुढे टेलिफोनची दुसरी कंपनी काढली. आणि पासष्टाव्या वर्षी डोके मुंडवून बौद्ध भिक्षूची दीक्षा घेतली. विहारात बोलायला हा माणूस योग्य, असे आपल्याला वाटेल. पण आम्ही त्यांना दीक्षेसाठी निवडलेले नाही. का निवडले ते शेवटी सांगतो, कारण त्यात आमचीच थोडी फजिती आहे.

त्यांची पुस्तके इंग्रजीत मिळतात. आमची शाळा नववीत सुटली, पुढचे शिक्षण रात्रशाळेत आणि वाचनालयात. टाळेबंदीत मुलीने ती पुस्तके मिळवून दिली. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. चार महिने लागले, पण वाचली.

इनामोरींचा जन्म १९३२ चा, जपानच्या दक्षिणेकडील कागोशिमा गावचा. वडिलांचा छोटा छापखाना, घरात सात भावंडे. त्या मुलखात पूर्वीच्या सरंजामदारांनी एका बौद्ध पंथावर जवळजवळ तीनशे वर्षे बंदी घातली होती. लोक लपूनछपून बुद्धाचे नाव घेत. १८७६ मध्ये बंदी उठली, पण लपून प्रार्थना करण्याची रीत खेड्यांतून चालूच राहिली. चार-पाच वर्षांच्या काझुओला वडील एकदा रात्री कंदिलाच्या उजेडात डोंगरवाटेने अशा एका घरी घेऊन गेले. तिथल्या भिक्षूने पोराला सांगितले, रोज एवढेच म्हण, 'नानमान, नानमान, आरिगातो.' म्हणजे बुद्धाचे नाव, आणि धन्यवाद. नव्वद वर्षांच्या आयुष्यात हा शब्द त्यांच्या तोंडून गेला नाही. ज्यांना देवळाच्या पायरीला शिवू दिले नाही त्यांच्या लेकरांना लपून घेतलेल्या नावाची किंमत वेगळी सांगायला नको.

शाळेत मात्र हा मुलगा काही हुशार वगैरे नव्हता. चांगल्या माध्यमिक शाळेच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास. मधल्या काळात क्षय झाला. घरात एका काकाला क्षय होता, वडील त्याची सेवा करीत आणि हा पोरगा त्या खोलीवरून नाक दाबून पळत जाई. क्षय झाला तो यालाच, वडिलांना नाही. यावरून इनामोरींनी पुढे निष्कर्ष काढला की, भित्र्या मनानेच रोग ओढवून घेतला. हे आम्हाला पटत नाही. क्षय जंतूने होतो. खोकणारा माणूस आणि बंद खोली आमच्या चाळीने पुष्कळ बघितली, आणि त्यांत शूर माणसेही गेली. त्याचप्रमाणे ते आत्मा घासूनपुसून स्वच्छ करण्याबद्दल लिहितात, पुनर्जन्मही मानतात. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथावर ज्याची समजूत बेतली आहे, तो तिथे थांबणारच. माणूस मोठा असला म्हणून त्याचे सगळेच गिळायचे, ही सवय आपली नव्हे.

१९४५ च्या हवाई हल्ल्यात त्यांचे घर जळाले. वडिलांचा धंदा गेला. मग घरी कागदी पिशव्या करायच्या आणि याने त्या सायकलवर घालून दुकानोदुकानी विकायच्या. मोठ्या विद्यापीठात डॉक्टरकीचा प्रवेश हुकला, म्हणून गावच्याच विद्यापीठात रसायनाचे शिक्षण घेतले. १९५५ साली पदवी मिळाली, पण नोकरी मिळेना. शेवटी एका प्राध्यापकांच्या ओळखीने क्योटोच्या एका कारखान्यात लागले. विजेच्या तारांखाली असतात ते पांढरे इन्सुलेटर तिथे बनत. कंपनी बुडायला आलेली. पहिलाच पगार वेळेवर झाला नाही. पगाराची तारीख पुढे गेली की घरात काय काय पुढे जाते, ते इथे बसलेल्या माईंना विचारा.

बरोबर लागलेली मुले एकेक करून सोडून गेली. यांनाही जायचे होते, जमले नाही. मग त्यांनी काय केले, तर स्टोव्ह आणि भांडी उचलून प्रयोगशाळेत आणली आणि तिथेच राहायला लागले. काम होते एका नव्या प्रकारच्या सिरॅमिकचे. त्याची पावडर इतकी कोरडी की आकारच धरेना. एके दिवशी चालताना कशाला तरी पाय अडखळला. बघतात तर बुटाला मेण चिकटलेले. त्यांनी पावडरीत मेण घालून बघितले. आकार धरला, आणि भट्टीत मेण जळून गेले. टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये लागणारा एक भाग त्यातून तयार झाला आणि मोठ्या कंपनीची मागणी आली.

आता इथे आमची अडचण सुरू होते. त्या कारखान्यात संप झाला. इनामोरींच्या खात्याने संप केला नाही. ते आत राहून माल काढीत राहिले. तयार माल कुंपणापलीकडे एक सहकारी तरुणी घेई आणि पोचवी. पुढे तीच त्यांची पत्नी झाली. संपवाल्यांनी त्यांना मालकाचा कुत्रा म्हटले. त्यांचे म्हणणे असे, की हा एकच माल खपतो आहे, तोही थांबला तर कारखाना बुडेल आणि सगळेच रस्त्यावर येतील. आम्ही गेटसभेत घसा फोडलेली माणसे. तेव्हा तिथे असतो तर आम्हीही त्यांना तेच म्हटले असते. आज विचाराल तर उत्तर सोपे नाही एवढेच सांगू. पण ही गोष्ट गाळून त्यांचे कौतुक सांगणे लबाडी झाली असती.

पुढे वरिष्ठाने, हे तुला झेपणार नाही, दुसऱ्याला दे, असे ऐकवले तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. सोबत काही सहकारीही बाहेर पडले. १ एप्रिल १९५९ रोजी क्योटोमध्ये भाड्याच्या जागेत अठ्ठावीस माणसांची कंपनी सुरू झाली. भांडवल तीस लाख येन, आणि तेही इतरांचे. निशिएदा नावाच्या एका हितचिंतकाने स्वतःचे राहते घर गहाण टाकून एक कोटी येनचे कर्ज मिळवून दिले. गोष्टी सांगणारे हे घर नेहमी विसरतात. एकट्याच्या जिद्दीवर कोणी उभा राहत नाही. कोणाचे तरी घर गहाण पडलेले असतेच.

आता मुख्य गोष्ट. १९६१ साल. इनामोरी एकोणतीस वर्षांचे. कागदोपत्री ते कंपनीचे अध्यक्षही नव्हते, पण कामगारांच्या लेखी मालकच. आदल्या वर्षी भरती झालेली, शाळा संपवून आलेली अकरा पोरे एक अर्ज घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. अर्जावर रक्ताचे ठसे. मागणी अशी, की दरवर्षी एवढी पगारवाढ आणि एवढा बोनस देऊ याची हमी द्या, नाहीतर आम्ही सगळे एकदम सोडून जातो.

रात्री-अपरात्रीपर्यंत काम करवून घेतलेली ही पोरे होती. मागणी रास्त होती. पण इनामोरींना हमी देता येईना. कंपनी उद्या असेल की नाही हे त्यांनाच ठाऊक नव्हते. ते पोरांना आपल्या लहानशा घरी घेऊन गेले. तीन दिवस, तीन रात्री बोलणे चालले. दहाजण कसेबसे तयार झाले, एक शेवटपर्यंत अडून राहिला. त्याला इनामोरींनी सांगितले, मी तुला फसवले असे कधी वाटले तर माझा जीव घे. तेव्हा तो रडला आणि थांबला.

इथपर्यंतची गोष्ट अनेक मालक सांगतील, आपण कामगारांना कसे समजावले म्हणून. खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. पोरे घरी गेली, पण इनामोरींची झोप उडाली. कंपनी काढली ती त्यांची स्वतःची विद्या जगाला दाखवावी म्हणून. तो त्यांचा हेतू होता. आणि ही पोरे तर आपले उभे आयुष्य त्यांच्या हवाली करायला आली होती. कागोशिमाला आईबाप आणि भावंडे हलाखीत, त्यांनाच नीट सांभाळता येत नाही, आणि परक्यांच्या लेकरांचा भार घ्यायचा? अशी कंपनी काढलीच कशाला, असेही त्यांना वाटून गेले. बरेच दिवस विचार केल्यावर त्यांनी कंपनीचा हेतूच बदलला आणि लिहून ठेवला. सर्व काम करणाऱ्यांचे पोटापाण्याचे आणि मनाचे सुख साधणे, आणि त्याबरोबर मानव समाजाच्या प्रगतीला हातभार लावणे, असा त्याचा आशय. पहिल्या ओळीत काम करणारा आला. भागधारक नाही, गिऱ्हाईकही नाही.

तेव्हा मित्रांनो, हा धडा नेमका कोणी दिला? पुस्तकाच्या मुखपृष्ठावर इनामोरींचा फोटो असतो. त्या अकरा पोरांची नावे आम्हाला कुठे आढळली नाहीत. पण ती रात्री दारात उभी राहिली नसती, तर हा एक हुशार इंजिनिअर राहिला असता, आणखी काही नाही.

लिहिणे सोपे असते. भिंतीवर चौकटीत लावलेले ध्येय आमच्या गिरणीच्या कचेरीतही होते. म्हणून पुढे काय झाले ते बघू.

पहिली गोष्ट हिशेबाची. कंपनी वाढल्यावर त्यांनी तिचे लहान लहान गट पाडले. पाच-दहा माणसांपासून चाळीस-पन्नासपर्यंत. या पद्धतीला त्यांनी अमिबा म्हटले. अमिबा म्हणजे तो सूक्ष्म जीव, हवा तसा आकार घेणारा. प्रत्येक गट आपली मिळकत धरतो, खर्च वजा करतो आणि उरते त्याला कामाच्या तासांनी भागतो. तासाला किती निपजले ते गटातल्या प्रत्येकाला दिसते. आणि यातली मेख अशी, की वजा करायच्या खर्चात मजुरी धरत नाहीत. कच्चा माल खर्च, वीज खर्च, पण माणूस हा खर्च नाही. आम्ही ते पान तीन वेळा वाचले. बत्तीस वर्षे आम्ही ऐकत आलो की गिरणी तोट्यात आहे कारण मजुरी जास्त आहे. ताळेबंद मात्र कधी कोणी दाखवला नाही. एक बाजू पण सांगायला हवी. तासाचा आकडा रोज डोळ्यांपुढे असला की माणूस स्वतःलाच पिळायला लागतो. आकडा चांगला चाकर आहे, पण मुकादम म्हणून फार वाईट.

दुसरी गोष्ट १९७४ ची. अरब देशांनी तेल रोखले, जगभर मंदी आली. क्योसेराकडे जानेवारीत जेवढी मागणी होती तिचा जुलैपर्यंत जेमतेम दहावा हिस्सा उरला. इनामोरींनी माणूस कमी केला नाही. ज्यांना काम नव्हते त्यांनी कारखाना झाडला, आवारातले गवत काढले, वर्ग भरवून अभ्यास केला. पगारवाढ थांबवू या, अशी त्यांनी युनियनला विनंती केली. युनियनने ती मानली. दिवस फिरल्यावर १९७६ साली थांबलेली वाढसुद्धा भरून दिली. शब्द घेतला आणि पाळला, दोन्ही बाजूंनी.

टेलिफोन कंपनीची गोष्ट थोडक्यात सांगतो. जपानात टेलिफोन सरकारी मक्त्याचा होता, दर भारी होते. मक्ता उठतो आहे असे दिसल्यावर १९८४ मध्ये इनामोरींनी नवी कंपनी काढली. त्याआधी सहा महिने रोज रात्री ते स्वतःला विचारीत, यात माझा हेतू चांगला आहे ना, आतून स्वार्थ तर नाही ना? आम्हाला असे प्रश्न ऐकले की शंका येते, कारण स्वतःच्या कोर्टात माणूस सहसा निर्दोष सुटतो. पण त्यांनी त्या कंपनीचा एकही शेअर स्वतःकडे घेतला नाही. म्हणून विश्वास ठेवतो. आज ती केडीडीआय नावाची मोठी कंपनी आहे. त्याच साली सुमारे वीस अब्ज येन देऊन त्यांनी एक संस्था स्थापन केली, तिच्यातर्फे १९८५ पासून क्योटो पुरस्कार दिला जातो.

१९९७ साली त्यांनी दीक्षा घ्यायचे ठरवले आणि नेमका तेव्हाच पोटाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, आणि काही महिन्यांतच ते एनपुकुजी मठात भिक्षू झाले. तिथे सगळ्यांबरोबर भिक्षेला जावे लागे. पेंढ्याच्या चपला, बोटे फुटून रक्त येई. एका संध्याकाळी दमून परत येताना रस्त्याकडेला पाला झाडणारी एक म्हातारी काम थांबवून जवळ आली, तिने झोळीत एक नाणे टाकले आणि म्हणाली, दमला असाल, वाटेत काहीतरी खायला घ्या. इतका आनंद आपल्याला कधी झाला नव्हता, असे ते लिहितात. विचार करा, हजारो लोकांचा पगार करणारा माणूस, आणि त्याला दान दिले ते झाडूवालीने. आपल्या वस्तीतल्या कितीतरी आयाबाया महापालिकेच्या झाडूवर घर चालवीत आल्या. त्यांचा हात देणारा असतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता कडू भाग. जानेवारी २०१० मध्ये जपान एअरलाइन्स ही विमान कंपनी दिवाळखोरीत निघाली. सरकारने इनामोरींना बोलावले. वय अठ्ठ्याहत्तर. विमानातले काही कळत नाही असे सांगून ते गेले, आणि एक पैसा पगार घेतला नाही. पूर्वी तिथे महिन्याचा हिशेब हाती यायला दोन-तीन महिने लागत. त्यांनी एकेका उड्डाणाचा हिशेब दुसऱ्या दिवशी दिसेल अशी व्यवस्था केली. कंपनी नफ्यात आली, सप्टेंबर २०१२ मध्ये शेअर बाजारात परतली. सगळीकडे वाहवा झाली.

पण या कामात सुमारे सोळा हजार माणसे कमी झाली. बरेच जण स्वेच्छानिवृत्तीने गेले. आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी एकशे पासष्ट वैमानिक आणि विमानातले कर्मचारी थेट कामावरून काढले गेले. ते कोर्टात गेले आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. त्यांच्यातले काहीजण पुढेही वर्षानुवर्षे लढत राहिले. इनामोरींच्या बाजूने म्हणता येईल की उरलेल्या बत्तीस हजारांची चूल राहिली, आणि कमी करण्याचा आराखडा कोर्टाच्या देखरेखीखालचा होता. खरे आहे. पण १९७४ मध्ये गवत काढायला लावून माणूस ठेवणारे हेच गृहस्थ. एकशे पासष्टांची ती एकतीस डिसेंबरची रात्र आम्हाला पुस्तकात सापडली नाही. २०२० च्या मार्चमध्ये आमच्या गिरणीचा भोंगा थांबला तो पुन्हा वाजला नाही. काही महिने थोडा पगार आला, मग तारखा आल्या. आमच्याकडे कोणी तीन रात्री बोलायला बसले नाही. म्हणून असेल, आमची नजर आधी त्या एकशे पासष्टांकडे जाते.

आता आमची फजिती. या विहाराच्या स्लॅबचे काम निघाले तेव्हा कोषाध्यक्ष आम्ही होतो. आपण शंभर-दोनशे करून पैसे दिलेत. हिशेब आम्ही आमच्या वहीत लिहीत होतो आणि वही घरच्या ट्रंकेत. एक पैशाची अफरातफर नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. एके संध्याकाळी मंडळाची चार पोरे आणि एक पोरगी घरी आली. म्हणाली, काका, हिशेब फलकावर लावू या का? आमचे डोके फिरले. तुमच्या वयापेक्षा आमची चळवळ जुनी, आमच्यावर संशय घेता, असे बोललो. दारातून परत पाठवले. पाणीसुद्धा विचारले नाही. आयुष्यभर मालकाकडे ताळेबंद मागितला आणि स्वतःची वही ट्रंकेत!

टाळेबंदीत ती अकरा पोरांची गोष्ट वाचली आणि आम्हाला आमचे दार आठवले. इनामोरींनी निदान आत तरी घेतले होते. हाच माणूस का निवडला, त्याचे कारण हे.

निर्बंध उठल्यावर आम्ही त्या पाचजणांना बोलावले आणि वही पुढे ठेवली. त्या पोरीचे तेव्हा बी.कॉम. चालू होते. तिने दोन तासांत चूक काढली. सिमेंटचे एक बिल दोनदा लिहिलेले, एक हजार आठशे चाळीस रुपयांचा फरक. आमची वही आणि पेटीतली रोकड का जुळत नाही म्हणून दोन वर्षे आम्ही रात्री जागत होतो, आणि लाजेने बोलत नव्हतो. तिने पेन्सिलीने एक रेघ मारली, संपले. पुढच्या सभेत आम्ही कोषाध्यक्षपद तिच्याकडे दिले.

यंदाच्या वर्धापनदिनाचा जमाखर्च तिने लिहिला आहे. कालपर्यंतची वर्गणी, मंडपाचे भाडे, खिरीचे दूध, सगळे आहे. वही बाहेर चपला ठेवतो तिथल्या टेबलावर ठेवली आहे, बाजूला पेन्सिलही आहे. जेवायला जाताना बघून घ्या आणि काही चुकले असेल तर तिथेच खूण करा. आमचा वेळ संपला, भन्तेजी घड्याळाकडे बघताहेत.

जयभीम. नमो बुद्धाय.